पाखरं बघून डोकं खरंच निवतं का?

करमळीकरीण

मंडळी, विषय नवा नाही, पण गोव्याच्या अंगाने इथे कोणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून धागा काढते.

मी पणजीत हिशेबतपासणीच्या कामात आहे. जीएसटीशी संबंध असलेल्यांना महिन्याच्या ११ आणि २० तारखांबद्दल वेगळं सांगायला नको. ११ ला विक्रीचं विवरणपत्र, २० ला ३बी (कर भरायचं मासिक विवरणपत्र), आणि मधल्या दिवसांत ‘मॅडम, एक बिल राहिलंय’ असे फोन. ऑफिस सुटतं, डोकं सुटत नाही. भाजी चिरताना आकडे, आंघोळीला बसले की आकडे, रात्री दिवा मालवला की विशेष जोमाने आकडे. योगाचा वर्ग लावला, तर शवासनात पडल्या पडल्या एकाचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) कुठे अडलंय ते शोधून काढलं. (फायदा त्या माणसाचा झाला, माझा नाही.) ‘डोळे मिटून शांत बसा’ म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. डोळे मिटले की तर तमाशाला रंग चढतो.

मला लागू पडलं ते नेमकं उलटं. डोळे उघडे ठेवायचे आणि त्यांना काम द्यायचं.

करमळीचं तळं स्टेशनच्या जवळच आहे. कोकण रेल्वेने जुन्या गोव्याला उतरणाऱ्यांना ठाऊक असेल. थंडीत अडयांचे थवे असतात, कापशी बदकं असतात, जांभळ्या पाणकोंबड्या तर बारमाही. पण माझं लक्ष बसलं ते कमळपक्ष्यावर. तरंगत्या पानावर पाय टाकतो, पान दबतं, कडेवरून पाणी आत येऊ लागतं, आणि ते पुरतं बुडायच्या आत पुढचा पाय पुढच्या पानावर गेलेला असतो. पायाची बोटं अंगाच्या मानाने भलतीच लांब, त्यामुळे भार पसरतो. मधेच थांबतो, पानाची कड चोचीत धरून उलटी करतो, खालून काहीतरी टिपतो आणि पान सोडून देतो. पावसाळ्यात पिल्लं असतात. धोका वाटला की बाप त्यांना पंखाखाली घेऊन चालू लागतो आणि बाहेर नुसते पिल्लांचे काडीसारखे पाय लोंबताना दिसतात. अंडी उबवणं, पोरं सांभाळणं सगळं नराकडे. बाई पुढच्या संसाराच्या तयारीला. (आमच्या घरी हे सांगितल्यावर चहा मला करावा लागला नाही.)

हे बघत असताना आकडे येत नाहीत. मी अडवत नाही, त्यांना जागाच नसते.

तर माझं म्हणणं असं, की डोकं शांत करायचं असेल तर फार पक्षी बघू नयेत. एक घ्यावा आणि तो कंटाळून उडून जाईपर्यंत बघावा. यादी करायला लागलात की ऑफिस परत आलंच म्हणून समजा. तुमचा अनुभव काय? आणि याला काही शास्त्राचा आधार आहे की हे आपलं मनाचं समाधान?

वाळपईचो बाबलो

आमच्या सत्तरीत पाखरं बघायला कोणी जात नाही, हाकलायला जातात. मोरांनी भाजीचा वाफा सकाळी सात वाजता कसा उकरलाय ते बघून कुणाचं डोकं निवलेलं मी ऐकलेलं नाही. माझ्या बापाला ‘मनःशांतीसाठी पाखरं बघतोय’ असं सांगितलं असतं तर त्याने हातात कोयता दिला असता.

पण बाय, एक खरं. शेताची राखण करायला मी लहानपणी माळ्यावर बसायचो. तिथे दुसरं काही करण्यासारखं नसायचं. त्या बसण्याची सर पुढे कशालाच आली नाही.

आगोंदचा_आळशी

धागा आवडला. वाचतोय.

समुपदेशक_फोंडा

ताई, तुमचं शवासनातलं इनपुट क्रेडिट मला रोज भेटतं, फक्त विषय बदलतात. कुणाचं गृहकर्ज असतं, कुणाची सासू.

शास्त्राचं विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. लंडनच्या किंग्ज कॉलेजने एका अ‍ॅपवरून २०१८ ते २०२१ या काळात १,२९२ जणांच्या नोंदी घेतल्या. दिवसातून काही वेळा विचारायचे: आत्ता झाडं दिसतात का, पक्षी दिसतो किंवा ऐकू येतो का, मन कसं आहे. पक्षी दिसला-ऐकला त्या वेळी मन बरं असल्याची नोंद जास्त होती आणि तो परिणाम आठ तासांपर्यंत टिकलेला दिसला. नैराश्याचं निदान झालेल्या लोकांतही. हे २०२२ मध्ये छापून आलं. त्याच वर्षी बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेने २९५ जणांना सहा-सहा मिनिटं आवाज ऐकवले, काहींना रहदारीचे, काहींना पाखरांचे. पाखरांच्या आवाजाने चिंता आणि संशयीपणा कमी झाला. रहदारीने उदासी वाढली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की पाखरांच्या आवाजाने उदासी मात्र हलली नाही. म्हणजे हे सगळ्यावरचं औषध नव्हे.

तुमच्या ‘आकड्यांना जागाच नसते’ या वाक्याशी जवळचं एक काम २०१५ चं आहे, स्टॅनफर्डचं. ९० मिनिटं झाडीतून चाललेल्या लोकांचं तेच ते उगाळणं कमी झालं, मोठ्या रस्त्याच्या कडेने चाललेल्यांचं झालं नाही. आणि त्याच्या बऱ्याच आधी, १९८९ मध्ये, कॅप्लन दांपत्याने मांडलं होतं की लक्ष दोन तऱ्हेचं असतं. एक आपण ओढून लावतो, ते थकतं. दुसरं आपसूक लागतं, आणि ते लागलेलं असताना पहिल्याला विसावा मिळतो. तुमची ३बी पहिल्यातली, तुमचा कमळपक्षी दुसऱ्यातला.

आता व्यवसायाचा भाग म्हणून एक सांगणं आहे. दोन-दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच राम वाटत नसेल, तर आधी दुर्बीण नव्हे, डॉक्टर. बांबोळीचं मानसोपचार रुग्णालय, आयपीएचबी, आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. पाखरं कुठे जात नाहीत, बरे होऊन मग बघा.

यादीवाला

करमळीकरीण, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाशी भांडायला आलोय. यादीवर एवढा राग का?

थंडीत मोरजीला जा. शापोरा नदी समुद्राला मिळते तिथल्या वाळूवर चिखल्यांचा घोळका असतो. नवख्या माणसाला सगळे सारखेच: करडे, बुटके, पळणारे. तो दोन मिनिटं बघतो, ‘छान आहेत’ म्हणतो आणि मोबाइल काढतो. मी तिथे दीड तास उभा राहू शकतो, कारण मला त्यांतला केंटिश कोणता आणि वालुका चिखल्या कोणता हे ठरवायचं असतं. केंटिशच्या मानेवर मागून पांढरा पट्टा पुरा फिरतो, वालुकाच्या मागे तो नसतो. पण पक्षी मान वळवेपर्यंत थांबावं लागतं. वळवतो तेव्हा ऊन डोळ्यावर येतं. मग आपण सरकायचं, हळूच, नाहीतर अख्खा घोळका उठतो आणि पन्नास पावलं पुढे जाऊन बसतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्या दीड तासात मला माझं नावसुद्धा आठवत नाही.

मला तर वाटतं, नाव माहीत नसलं की धड दिसतही नाही. आणि ईबर्डवर (पाखरांच्या नोंदींची वेबसाइट) नोंद करायची म्हणजे कावळे-घारीही मोजाव्या लागतात. आपल्या इथे किती वर्षं कोण कावळे मोजतंय? उद्या ते कमी झाले तर कुणाला कळणार? फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातली पाखरं मोजतात, त्यात गोव्यातून नोंदी जातात. मला त्यात समाधान आहे. तुमचं समाधान वेगळं असू द्या, पण माझं ऑफिस मी बरोबर नेतो असं म्हणू नका.

करमळीकरीण

@यादीवाला, मानेच्या पट्ट्यासाठी दीड तास उभं राहणारा माणूस माझ्याच पंगतीतला. तुम्ही त्याला यादी म्हणता, मी म्हणत नाही. माझा रोख होता तो ‘आज बेचाळीस झाले, पन्नास करून जेवू’ या प्रकारावर. मोलेच्या अभयारण्यात असा एक गट भेटला होता. पुढचा माणूस नाव पुकारायचा, मागचे खूण करायचे, आणि गाडीत बसायचे. त्यांतल्या कितीजणांनी पक्षी खरोखर पाहिला, देव जाणे.

समुपदेशक, आभार. उदासी हलली नाही हे लिहिलंत ते विशेष बरं केलंत. असलं कोणी सांगत नाही.

कॅमेरा_कोनाड्यात

यादीपेक्षा कॅमेऱ्यावर लिहा कोणीतरी. पावसाळ्यात तिबोटी खंड्या घरटं करतो, ओढ्याकाठच्या मातीच्या कडेत बीळ असतं. चिमणीएवढा जीव, अंगावर जांभळा-नारिंगी-पिवळा. त्या बिळासमोर मी एका सकाळी तिपायांची रांग पाहिली आहे. खंड्या तोंडात पाल धरून फांदीवर बसलेला, आत पिल्लं ओरडतायत, आणि हा समोरच्या भिंगांना बिचकून बिळात जात नाही. अर्धा-पाऊण तास तसाच. एकाने मोबाइलवर त्याचाच आवाज लावला, तो आणखी सैरभैर झाला. मी तिथून निघालो. शांतता आपल्याला हवी म्हणून दुसऱ्याच्या घरात गोंधळ घालायचा, हे काही पटलं नाही.

घरट्याजवळ थांबू नये, आवाज वाजवू नये, फ्लॅश मारू नये. बेडूकमुखी दिवसा वाळक्या पानासारखा झोपलेला असतो, त्याला फांदी हलवून उठवणारे वाटाडे असतील तर पैसे देऊ नयेत. एवढं केलं तरी पुष्कळ.

यादीवाला

+१. आवाज वाजवणाऱ्यांबद्दल माझंही हेच मत आहे. यादीत त्या पक्ष्यापुढे खूण करायलाही लाज वाटायला हवी.

चोडणकार

गोव्याचा धागा आणि आमच्या चोडणाचं नाव अजून नाही?

डॉ. सलीम अली अभयारण्य आमच्या बेटाच्या टोकाला. १९८८ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास, सगळी खारफुटी. रायबंदरहून फेरीबोट घ्यायची, उतरलं की पायी काही मिनिटं. लोक येतात, चिखलाचा वास घेतात, ‘पक्षी कुठायत?’ विचारतात आणि परततात. कारण येतात भरतीला. भरतीला चिखल पाण्याखाली, मग पाखरं बसणार कुठे? ओहोटी लागली की या. खेकडे बाहेर येतात, चिखलावर उड्या मारणारे मासे दिसतात, आणि त्यांच्यावर टपलेले सगळे. कंठीवाला खंड्या आमची खासियत. निळसर-हिरवी पाठ, पांढरं पोट, गळ्याभोवती पांढरी पट्टी. खारफुटीच्या आडव्या फांदीवर बसतो, खाली झेपावतो, खेकडा घेऊन वर येतो आणि फांदीवर आपटतो. आपटल्याचा टकटक आवाज वाटेवरून ऐकू येतो.

ओहोटी कधी, तर मुरगावच्या भरतीचं कोष्टक बघा. चोडणात वेळ थोडी उशिरा लागते, नदी चढून पाणी यायचं असतं. रोज भरती साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा ओहोटीही खोल जाते आणि चिखल जास्त उघडा पडतो.

पण मला स्वतःला अभयारण्यापेक्षा मानशीवर बसायला आवडतं. बाहेरच्यांसाठी सांगतो. आमची खाजनं म्हणजे नदीच्या काठची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतं. बांधात मानस असते, लाकडी दारांची. भरतीचं पाणी रेटलं की दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी रेटून ती उघडतं. माणूस लागत नाही. दारं उघडायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं पाखरं जमायला लागतात. आधी ढोकऱ्या येतात, मान आखडून बसतात. मग बगळे. गाय बगळे नव्हे, ते शेतात. इथे छोटे बगळे, काळ्या चोचीचे, पिवळ्या पंजांचे. एखादा राखी बगळा लांब, एकटा. खंड्या दाराच्या चौकटीवर. पाणी सुटायच्या वेळी लाकूड एकदा करकरतं, फटीतून पाण्याची पातळ धार येते, आणि सगळे एकदम दोन पावलं पुढे. पाण्याबरोबर बारीक मासळी, सुंगटं (कोळंबी). पुढची वीस मिनिटं कुणीही कुणाकडे बघत नाही. पाणी मंदावलं की पांगतात.

मी बघतो तेव्हा माझ्या डोक्यात काय असतं ते विचारू नका. काही नसतं.

वाळपईचो बाबलो

चोडणकारा, सुंगटं म्हटलंस आणि माझं लक्ष पाखरांवरून उडालं.

पुणेकर_पाहुणा

आम्ही नाताळच्या सुट्टीत चार दिवस येतोय, बरोबर बारा आणि आठ वर्षांची मुलं. नवखे आहोत. करमळी, चोडण, मोरजी, बोंडला, मोले, नेत्रावळी, काणकोणचं खोतीगाव, एवढं बसेल का? दुर्बीण कोणती घ्यावी? आणि मुलं गप्प बसत नाहीत, त्यावर उपाय?

करमळीकरीण

दादा, एवढं चार दिवसांत बसवलंत तर पुण्याला परतताना तुम्हालाच समुपदेशकांचा नंबर लागेल. दोन जागा निवडा. एक पाण्याची, एक रानाची.

उत्तर गोव्यात उतरत असाल तर मोरजी आणि चोडण. मोरजीला सूर्य वर यायच्या आत पोचा, नंतर माणसं आणि कुत्री येतात, चिखल्या उठतात. रानात मुलांसाठी बोंडला बरं, जेमतेम आठ चौरस किलोमीटर, वाटा सोप्या. मोले-तांबडी सुर्लचं रान मोठं, तिथे वाटाड्याशिवाय मजा नाही. दक्षिणेत असाल तर कुडचड्याजवळचं नंदा तळं बघा, ४२ हेक्टरचं, गोव्यातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा), २०२२ मध्ये जाहीर झालं. फारशी गर्दी नसते.

दुर्बिणीचं यादीवाले सांगतील.

यादीवाला

८×४२ घ्या. ८ म्हणजे आठपट जवळ, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार १०×५० गळ्यात मारेल, घेऊ नका. जड असते, आणि हाताचा कंपही दहापट दिसतो. गोव्याच्या दमट हवेत आतून बुरशी धरते, म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात अधूनमधून बाहेर काढा. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली दुमडून किंवा फिरवून बघा. अनेकजण हे न करता ‘काही दिसत नाही’ म्हणतात.

आठ वर्षांच्या मुलाला दुर्बीण देऊ नका, त्याला पक्षी सापडत नाही आणि तो वैतागतो. त्याला चिखलावरची पावलं शोधायला सांगा.

मडगावची_आजी

माझे गुडघे गेले. मोरजी नाही की चोडण नाही. तुमचं वाचून हेवा वाटला, मग म्हटलं आपलंही सांगावं.

आमच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या तारेला शिंजिराने घरटं केलं. बाहेरून बघणाऱ्याला केरकचरा लोंबतोय असं वाटेल. कामाला येणाऱ्या मुलीने झाडूच उगारला होता, मी ओरडले. बांधणारी एकटी मादी. कोळ्याचं जाळं चोचीत गुंडाळून आणायची, ते तारेला चिकटवायची, मग गवताच्या काड्या, सालीचे तुकडे, पुन्हा जाळं. दारावर छोटी पडवी काढली, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. पडवी बघितली आणि मला आमचं लोटलीचं जुनं घर आठवलं. नवरोबा चमकदार जांभळा गळा घेऊन समोरच्या जास्वंदीवर मिरवायचा. पिल्लं झाल्यावर मात्र तोही खाऊ आणू लागला, एवढं त्याच्या बाजूने सांगते.

महिनाभर आम्ही कपडे दुसरीकडे वाळवले. सून कुरकुरली. पण सकाळच्या गोळ्या घ्यायची आठवण मला तिने करून द्यावी लागली, इतकी मी बाहेर. एरवी मी गोळ्यांच्याच विचारात असते.

करमळीकरीण

आजी, तुमचा प्रतिसाद धाग्यातला सगळ्यात सुंदर. देव बरें करूं.

नार्वे_उवाच

सगळं गोड चाललंय म्हणून जरा मीठ टाकतो.

पहाटे वेर्ण्याच्या कारखान्यांकडे जाणारी बस पकडणाऱ्याला, रात्रपाळी करून येणाऱ्याला तुम्ही करमळीला बोलावणार का? त्याचं डोकं तापलंय ते पाळीमुळे, पगारामुळे. त्याला पाळी बदलून हवी, खंड्या नको. माझ्या आधीच्या ऑफिसात ‘मानसिक आरोग्य सप्ताहा’त आम्हाला निसर्गभ्रमणाला नेलं होतं, आणि त्याच महिन्यात माणसं कमी करून उरलेल्यांवर काम टाकलं होतं. तेव्हापासून ‘निसर्गात जा, बरं वाटेल’ ऐकलं की मला संशय येतो.

आणि दुसरं. जागा उरल्या तर बघाल ना? मोलेच्या रानातून रेल्वेचा दुसरा रूळ, ४०० केव्हीची वीजवाहिनी, रुंद महामार्ग, हे सगळं २०२० मध्ये एकदम आलं. माणसं रस्त्यावर उतरली. दुसऱ्या रुळाला दिलेली वन्यजीव मंडळाची मान्यता सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या मे महिन्यात रद्द केली. ती काही कुणी शांत बसून मिळवलेली गोष्ट नव्हे.

समुपदेशक_फोंडा

नार्वे, पहिल्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत. कामाच्या ठिकाणचा जाच पाखरांच्या गळ्यात बांधू नये. पण रात्रपाळीचा माणूस सकाळी सातला बसमधून उतरतो, तेव्हा स्टॉपवरच्या वडावर तांबट टुक-टुक करत असतोच. तो ऐकायला रजा लागत नाही. लंडनच्या त्या नोंदींतही माणसं कुठल्या अभयारण्यात गेली नव्हती, आपापल्या रोजच्या दिवसातच होती.

करमळीकरीण

नार्वे, ज्या ऑफिसने माणसं कमी केली त्यांच्याबद्दल तुम्ही म्हणता तेच माझंही. मी कुणाला नेत नाहीये, माझ्यापुरतं सांगतेय. आणि मोलेसाठी जी पोरं उभी राहिली त्यांतली कितीतरी आधी तिथे नुसती बघायला जात असणार. बघितलेलंच नसेल तर कुणासाठी भांडणार?

मोलेवर वेगळा धागा काढा, मी येईन. इथे वाहून जाईल.

पहिलीच_वेळ

मी म्हापशाची, एकटी राहते. बाईने एकटीने जाणं कितपत ठीक? आणि नावं काहीच येत नाहीत, त्या आवाजावरून पाखरू ओळखणाऱ्या मर्लिन अ‍ॅपवर भरवसा ठेवावा का?

करमळीकरीण

करमळीला सकाळी स्टेशनची वर्दळ असते, मासे धरणारे असतात, मला कधी अडचण आली नाही. चोडणाला फेरीने शाळेची मुलं, कामावर जाणाऱ्या बायका, भरपूर सोबत. रानात मात्र एकटीने नको, तिथे गटाबरोबर जा. आणि दोन्ही कानांत इयरफोन घालून कुठेच बसू नका. मागून काय येतंय ते कळायला हवं, आणि तसंही ऐकण्यासारखं बाहेरच जास्त असतं.

अ‍ॅप आवाजावरून सुचवतं, बरेचदा बरोबर सुचवतं. पण आधी पाच मिनिटं स्वतः ऐका, मग फोन काढा. फोन काढायचा तर विमान मोडवर टाकून. नाहीतर दयाळाचा आवाज नोंदवायला जाता आणि वर ‘मॅडम, एक बिल राहिलंय’ येतं.

वाळपईचो बाबलो

थट्टा पुरे, कामाचं सांगतो. सत्तरीच्या रानात डिसेंबर ते मे येणार असाल तर माकडतापाची माहिती घ्या. २०१५ पासून आमच्याकडे रुग्ण सापडलेत. गोचिडीतून येतो. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, वाळक्या पानांवर बसायचं नाही, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि अंग नीट तपासायचं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्रात किंवा वनखात्यात कळवा. रानातून आल्यावर काही दिवसांनी ताप भरला तर डॉक्टरांना रानात गेलो होतो हे आपणहून सांगा.

आणि पावसात या कधीतरी. ओढ्याच्या काठी शीळकरी कस्तूर शीळ घालतो, आळसावलेल्या पोराने वाटेने चालत घालावी तशी, सूर लागतो न लागतो. दिसत नाही सहसा. दिसायची गरजही नाही.

यादीवाला

बाबल्या, माळ्यावर बसणारा शेवटी बोललास! कधी नेतोस?

कॅमेरा_कोनाड्यात

मलाही धरा. कॅमेरा घरी ठेवून येतो.

करमळीकरीण

आधी करमळी, मग वाळपई. २० तारीख उलटल्यावरच्या रविवारी, साडेसहा, स्टेशनच्या बाजूने. गडद कपडे, पाण्याची बाटली, प्लास्टिक परत न्यायचं. पहिला अर्धा तास कोणी बोलायचं नाही, नावंही पुकारायची नाहीत. @यादीवाला, तुम्हीसुद्धा. नंतर हवं तेवढं मोजा.

यादीवाला

मनातल्या मनात मोजलं तर चालेल ना?

चोडणकार

करमळीला भरती-ओहोटी बघावी लागत नाही, तेवढं बरं. पहिल्या फेरीने येतो.

वाळपईचो बाबलो

अर्धो वर उलयनासतना? आमकां जमचें ना. (अर्धा तास न बोलता? आम्हाला जमायचं नाही.) पण येतो. पोदेराकडचे उंडे (पाव) माझ्याकडे लागले, पातळ भाजी कोणीतरी आणा.